एका फलकावरील संगणक आणि त्याची दारे

२०१५ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस इंग्लंडमध्ये 'द मॅगपाय' या मासिकाचा अंक विकत घेणाऱ्यांना त्याच्या मुखपृष्ठावर बसविलेली एक लहानशी हिरवी पट्टी आढळली. तिची लांबी ६५ मिलिमीटर आणि रुंदी ३० मिलिमीटर. म्हणजे दोन बोटे जोडून धरली असता जेवढी जागा व्यापतील जवळजवळ तेवढीच. परंतु ही पट्टी शोभेची वस्तू नव्हती. तो एक संपूर्ण संगणक होता. 'रास्पबेरी पाय झीरो' हे त्याचे नाव. सुटा घेतल्यास त्याची किंमत पाच डॉलर ठेवण्यात आली होती, आणि त्या अंकाबरोबर तर तो विनामूल्यच मिळाला.

अशा यंत्रास इंग्रजीत सिंगल-बोर्ड कॉम्प्युटर म्हणतात. आपण त्यास एकफलकी संगणक म्हणू. गणन करणारी चिप, स्मरणसंचय आणि बाहेरच्या जगाशी संबंध जोडणाऱ्या खाचा हे सर्व ज्या संगणकात एकाच पातळ फलकावर बसविलेले असते, तो एकफलकी संगणक होय. अवजड पेटी नाही, पंखा नाही, फिरणारी चकती नाही; नखाएवढ्या मेमरी कार्डावर त्याची सारी आज्ञावली साठविलेली असते.

हा संगणक निर्माण करणाऱ्या संस्थेची स्थापना केंब्रिज येथे झाली. संगणकशास्त्र शिकण्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या घटत आहे आणि जे येतात त्यांनी यंत्राशी स्वतः खटपट केलेली नसते, ही गोष्ट एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे जाणवली होती. मुलाच्या हाती निर्भयपणे देता येईल इतका स्वस्त संगणक असावा, या हेतूने त्यांनी २०१२ सालच्या फेब्रुवारीत आपला पहिला फलक विक्रीस आणला. झीरो हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा होता. मात्र किंमत आणि आकार कमी करताना काहीतरी वगळावे लागतेच. येथे वगळली गेली ती दारे.

एकाच दाराचे घर

संगणकाला बाहेरची साधने जोडण्याच्या खाचेस पोर्ट असे म्हणतात. आता हा शब्द मराठीत रुळला आहे, तरी त्याचा अर्थ 'दार' असा मनात ठेवला तर पुढील विवेचन समजणे सोपे जाईल. झीरोच्या फलकावर पडद्यासाठी एक, विजेसाठी एक, आणि इतर सर्व साधनांसाठी मिळून एकच यूएसबी पोर्ट आहे. तारेच्या जाळ्यासाठी, म्हणजे ईथरनेटसाठी, मुळीच पोर्ट नाही.

याचा व्यवहारातील अर्थ लक्षात घेऊ. समजा, एखाद्या शाळेने या संगणकाच्या साहाय्याने आवारातील तापमान व आर्द्रता यांची रात्रंदिवस नोंद ठेवावयाचे ठरविले. नोंदी साठविण्यासाठी पेन ड्राइव्ह हवा. यंत्र चालविण्यासाठी कीबोर्ड व माऊस हवेत. आणि आकडे कार्यालयातील संगणकाकडे पोहोचविण्यासाठी जाळ्याची तार हवी. साधने चार आणि दार एक. कीबोर्ड लावला तर पेन ड्राइव्हला जागा नाही. पेन ड्राइव्ह लावला तर आज्ञा द्यावयाची कशी?

येथे कोणी म्हणेल की, बिनतारी जाळे असताना तारेची आवश्यकता काय? २०१७ साली निघालेल्या 'झीरो डब्ल्यू' या फलकात बिनतारी सोय आली, हे खरे. तथापि ती २.४ गिगाहर्ट्झ या एकाच पट्ट्यात चालते, आणि त्याच पट्ट्यात शेजारची अनेक यंत्रे बोलत असतात. लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटच्या भिंतीही तिला आडव्या येतात. जेथे नोंद एकदा चुकली की ती वेळ पुन्हा येणार नसते, तेथे तारेचा भरवसा अधिक.

दारे वाढविता येतात. आणि ती वाढविणे कठीणही नाही. परंतु दार वाढविले म्हणजे घर वाढले, असे मात्र होत नाही. या वाक्याचा अर्थ उलगडून दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यूएसबीची एकेरी वाट

१९९० च्या दशकाच्या आरंभी संगणकाच्या पाठीमागे खाचांची मोठी गर्दी असे. कीबोर्डची खाच निराळी, माऊसची निराळी, छपाईयंत्राची निराळी. या बजबजपुरीवर उपाय म्हणून सात कंपन्यांनी एकत्र येऊन युनिव्हर्सल सीरिअल बस, म्हणजेच यूएसबी, हे एकच मानक सिद्ध केले. त्याची पहिली आवृत्ती १९९६ सालच्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. या कार्यात पुढाकार घेणाऱ्या अभियंत्यांपैकी अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. २००० साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत माहितीवहनाचा वेग सेकंदाला ४८ कोटी बिट, म्हणजे ४८० मेगाबिट, इतका झाला. झीरोचे एकमेव दार याच दुसऱ्या आवृत्तीचे आहे.

यूएसबीचा कारभार एकेरी लोहमार्गासारखा चालतो. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वीपासून एक सोपी शिस्त पाळली जात आली आहे. त्या टप्प्याचे टोकन ज्या चालकाच्या हाती असेल, त्यानेच गाडी पुढे न्यावयाची. यूएसबीत हे टोकन देण्याचा अधिकार केवळ संगणकाकडे असतो. कीबोर्डवरील कळ दाबली गेली तरी कीबोर्ड आपण होऊन काही सांगू शकत नाही. 'तुझ्यापाशी काही आहे काय?' असे संगणक ठरावीक अंतराने प्रत्येक साधनास विचारतो, आणि विचारल्यावरच साधन उत्तर देते. दुसऱ्या आवृत्तीत वेळेचे तुकडे सेकंदाला ८,००० इतके पाडलेले असतात. प्रत्येक तुकडा १२५ मायक्रोसेकंदांचा. या तुकड्यांतच सर्व साधनांच्या फेऱ्या बसवावयाच्या असतात.

जंक्शन, म्हणजेच हब

एका दाराची अनेक दारे करणाऱ्या साधनास हब म्हणतात. लोहमार्गाचीच उपमा पुढे न्यावयाची तर हब म्हणजे जंक्शन. एका बाजूने मुख्य मार्ग येतो आणि दुसऱ्या बाजूने तीन, चार किंवा सात फाटे फुटतात. नवे साधन जोडले गेले की हब त्याची वर्दी संगणकाला देतो. संगणक त्या साधनास प्रथम पूर्वस्थितीत आणतो, त्याची ओळख विचारतो आणि त्यास एक क्रमांक देतो. हे क्रमांक १ ते १२७ असे असतात. म्हणून तत्त्वतः एका दारावर १२७ साधने चालू शकतात; मात्र हबही या संख्येत मोजावे लागतात, आणि संगणक व साधन यांच्या दरम्यान एकापुढे एक पाचांहून अधिक हब जोडता येत नाहीत.

परंतु जंक्शनला फाटे कितीही फुटले तरी मुख्य मार्ग एकेरीच राहतो. ४८० मेगाबिटांची मर्यादा प्रत्येक दाराची नसून सर्वांची मिळून आहे. शिवाय टोकनाची देवघेव, तपासणी आणि मधली रिकामी जागा यांत बराच वेळ खर्ची पडतो. यास्तव प्रत्यक्ष माहितीच्या वाट्याला त्याहून पुष्कळ कमी वेग येतो. पेन ड्राइव्हवरील नोंदी तारेच्या जाळ्यावर पाठविताना तर तीच माहिती या मार्गावरून दोनदा जाते. एकदा पेन ड्राइव्हकडून संगणकाकडे, आणि मग संगणकाकडून जाळ्याच्या जोडणीकडे.

हबकडे आणखी एक जबाबदारी असते. कीबोर्ड व माऊस ही मंद साधने होत; ती सेकंदाला १.५ किंवा १२ मेगाबिट एवढ्याच वेगाने बोलतात. त्यांची एकेक फेरी पूर्ण होईपर्यंत मुख्य मार्ग अडून राहिला तर जलद साधने ताटकळत बसतील. म्हणून हबमध्ये एक दुभाषी बसविलेला असतो. तो मंद साधनाचे म्हणणे सावकाश ऐकून घेतो आणि संगणकाला ते जलद वेगाने सांगतो. स्वस्त हबमध्ये सर्व दारांना मिळून असा एकच दुभाषी असतो. चांगल्या हबमध्ये प्रत्येक दाराला स्वतंत्र. कीबोर्ड-माऊससाठी एक दुभाषी पुरतो. परंतु १२ मेगाबिटांची अनेक मापनयंत्रे एकदम जोडावयाची असतील, तर दुसऱ्या प्रकारचा हब घेणे शहाणपणाचे ठरते.

तारेचे जाळे

ईथरनेट ही कल्पना अमेरिकेतील पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. यूएसबीची तार सामान्यतः ५ मीटरपर्यंत चालते. ईथरनेटची तांब्याची तार १०० मीटरपर्यंत. दोन वेगळ्या खोल्यांतील वा इमारतींतील यंत्रे जोडावयाची असता हा भेद निर्णायक ठरतो. शिवाय ईथरनेटच्या प्रत्येक खाचेच्या मागे लहान रोहित्रे असतात. त्यांतून संकेत जातो, परंतु दोन्ही टोकांच्या यंत्रांचे विद्युन्मंडल एकमेकांस जोडले जात नाही. दूरच्या दोन यंत्रांच्या भूपातळीत फरक असला तरी त्यामुळे धोका टळतो.

झीरोला ही खाच देण्याचे मुख्य मार्ग दोन. पहिला मार्ग यूएसबीतून जातो. एका टोकास यूएसबी आणि दुसऱ्या टोकास ईथरनेटची खाच असलेला अडॅप्टर हबमध्ये बसवावयाचा. आतील चिप सर्वपरिचित असेल तर लिनक्स प्रणाली ती आपोआप ओळखते. अशा अडॅप्टरवर 'गिगाबिट', म्हणजे १,००० मेगाबिट, असे छापलेले असले तरी हुरळून जाऊ नये. ज्या मार्गाची एकूण मर्यादाच ४८० आहे, त्यावरून १,००० जाणे शक्य नाही. झीरोसाठी १०० मेगाबिटांचा साधा अडॅप्टर बहुधा पुरेसा होतो.

दुसरा मार्ग यूएसबीला स्पर्शही करीत नाही. फलकाच्या कडेस ४० पिनांची जी जागा असते, तिच्यातील काही पिनांवर एसपीआय नावाची निराळी संकेतवाहिनी उपलब्ध आहे. तिला ईएनसी-२८-जे-६० यासारखी ईथरनेटची चिप जोडता येते. हिचा वेग अवघा १० मेगाबिट आहे. परंतु तापमानाचे आकडे मिनिटाला एकदा पाठवावयाचे असतील तर तेवढा वेगही गरजेच्या कित्येक पट आहे, आणि यूएसबीचे एकमेव दार इतर साधनांसाठी मोकळे राहते. गरज किती, हे आधी मोजावे. वेग मग निवडावा.

विजेचा हिशेब

आतापर्यंत माहितीच्या वाटेचा विचार झाला. याच तारेतून आणखी एक गोष्ट वाहते. ती म्हणजे वीज. पुष्कळशा जोडण्या फसतात त्या येथे.

यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीप्रमाणे संगणकाच्या एका दारातून साधनाला ५ व्होल्ट दाबाने ५०० मिलिॲम्पिअरपर्यंत प्रवाह मागता येतो. स्वतःची वीज नसलेला हब हाच प्रवाह आपल्या चार दारांत वाटतो. प्रत्येकी १०० मिलिॲम्पिअर, आणि उरलेले १०० स्वतःसाठी. कीबोर्ड वा माऊस यांना तेवढा पुरतो. ईथरनेटचा अडॅप्टर व पेन ड्राइव्ह यांना तो अपुरा पडू शकतो, आणि फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कला तर तो कधीच पुरत नाही.

आता तारेचा रोध ध्यानात घेऊ. बाजारात मिळणाऱ्या एखाद्या बारीक तारेच्या जाण्यायेण्याच्या दोन्ही धाग्यांचा रोध मिळून अर्धा ओहम आहे असे धरू. तिच्यातून १ ॲम्पिअर प्रवाह वाहू लागला की ओहमच्या नियमानुसार अर्धा व्होल्ट तारेतच खर्ची पडतो. अडॅप्टरने ५ व्होल्ट दिले तरी फलकाला ४.५ व्होल्टच मिळतात. रास्पबेरी पायच्या मोठ्या फलकांवर, २०१४ सालच्या 'बी प्लस'पासून, दाब ४.६३ व्होल्टच्या आसपास उतरला की इशारा देणारी योजना आहे. झीरोच्या मालिकेत ती नाही. म्हणजे ज्या फलकाला आपण सर्वांत अधिक जोडण्या लावू पाहतो, तोच तक्रार करीत नाही.

मग काय होते? दिवसा सर्व सुरळीत चालते. रात्री एखाद्या क्षणी पेन ड्राइव्हवर नोंद लिहिली जात असते, त्याच वेळी जाळ्यावर माहिती जाऊ लागते, दोघांची मागणी एकदम वाढते आणि दाब खाली येतो. ईथरनेटचा अडॅप्टर क्षणभर नाहीसा होऊन पुन्हा प्रकट होतो. पेन ड्राइव्हवरील लेखन अर्धवट तुटते, आणि कधी कधी त्यासोबत आधीच्या नोंदींची सूचीही बिघडते. सकाळी विद्यार्थी येऊन पाहतात तो आकडे गायब. त्या रात्रीचे तापमान पुन्हा मोजता येत नाही. दोष बहुधा आज्ञावलीला दिला जातो, आणि दिवसेंदिवस तिच्यात चूक शोधली जाते. वास्तविक चूक असते ती एका बारीक तारेत.

रास्पबेरी पायच्या पहिल्या फलकालाही हा प्रश्न चुकला नव्हता. २०१२ सालच्या आरंभीच्या फलकांवर प्रत्येक यूएसबी दारापाशी १४० मिलिॲम्पिअरचा संरक्षक फ्यूज होता. त्याच्या रोधामुळे काही साधनांना पुरेसा दाब मिळेना. त्याच वर्षी पुढील फलकांतून हे फ्यूज काढून टाकण्यात आले.

प्रत्यक्ष जोडणी

स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब वापरणे हा यावरील खात्रीचा उपाय होय. मात्र हब निवडताना एक दक्षता घ्यावी. काही हब साधनांना वीज देता देता उलट दिशेने संगणकालाही वीज ढकलतात. तसे करणे मानकाला मान्य नाही. आणि फलकाला स्वतःचा अडॅप्टर लावलेला असेल तर दोन निरनिराळे पुरवठे एका ठिकाणी भिडतात. परीक्षा सोपी आहे. फलकाचा अडॅप्टर काढून ठेवून केवळ हब चालू करावा. फलकावरील दिवा लागला तर तो हब उलट वीज देतो असे समजावे, आणि तो त्या जोडणीत वापरू नये.

झीरोचे दार लहान आकाराचे, मायक्रो-यूएसबी जातीचे आहे. त्यास नेहमीचा हब जोडण्यासाठी ओटीजी नावाची आखूड तार लागते. तिच्या टोकातील एक विशिष्ट पिन भूतारेशी जोडलेली असते. तिच्यावरून फलक ओळखतो की येथे यजमान आपण आहोत, पाहुणे नव्हे. याऐवजी झीरोच्याच आकाराचे तयार हब-फलकही मिळतात. त्यांवर तीन यूएसबी आणि एक ईथरनेट अशा खाचा असतात, आणि स्प्रिंगच्या टोकदार पिना झीरोच्या खालच्या अंगावरील चाचणीच्या ठिपक्यांना टेकतात. डाख देण्याची गरज नाही. परंतु हे ठिपके आणि कडेचे मायक्रो-यूएसबी दार एकाच दोन धाग्यांना जोडलेले असल्याने, हब-फलक बसविल्यावर कडेच्या दारात दुसरे साधन घालू नये.

जोडणी झाल्यावर लिनक्समध्ये 'एलएसयूएसबी' ही आज्ञा द्यावी. कोणते साधन कोणत्या हबवर आहे हे तीवरून कळते. नंतर 'डीमेसेज' या आज्ञेने प्रणालीच्या नोंदी पाहाव्यात. एखादे साधन वारंवार तुटून पुन्हा जोडले जात असल्याचे दिसले तर प्रथम तार बदलावी, मग वीजपुरवठा, आणि सर्वांत शेवटी आज्ञावली. या क्रमाने गेल्यास पुष्कळ वेळ वाचतो.

मोठ्या फलकांची गोष्ट

पुढील फलकांत दारे वाढली, हे खरे. २०१४ च्या 'बी प्लस'वर, आणि नंतरच्या 'पाय २' व 'पाय ३' वर चार यूएसबी आणि एक ईथरनेट अशा पाच खाचा होत्या. पण या पाचही खाचा एकाच चिपमधून निघत, आणि ती चिप मुख्य चिपला यूएसबीच्या एकाच वाटेने जोडलेली असे. म्हणजे आपण झीरोला बाहेरून जो हब लावतो, तोच तेथे आतून लावलेला होता. २०१८ च्या 'थ्री बी प्लस'ला गिगाबिट ईथरनेट मिळाले, पण वाट तीच राहिल्यामुळे प्रत्यक्ष वेग सुमारे ३०० मेगाबिटांपर्यंतच पोहोचला. २०१९ च्या 'पाय ४' मध्ये ईथरनेटला स्वतंत्र मार्ग मिळाला आणि यूएसबीची दारे पीसीआय एक्सप्रेस या अधिक रुंद मार्गावर गेली. २०२३ च्या 'पाय ५' मध्ये तो मार्ग चौपदरी झाला, आणि आणखी एक पदर बाहेरील जोडणीसाठी मोकळा ठेवण्यात आला.

विजेचा हिशेब मात्र येथेही सुटत नाही. 'पाय ४' आपल्या चारही दारांना मिळून १.२ ॲम्पिअर देतो. 'पाय ५' ला ५ ॲम्पिअरचा पुरवठा दिला तर तो १.६ ॲम्पिअर देतो. ३ ॲम्पिअरचा दिला तर स्वतःहून ६०० मिलिॲम्पिअरवर थांबतो. यंत्र मोठे झाले तरी दारांमागील वाट आणि वीज ही मोजकीच असतात.

शाळेच्या नोंदवहीकडे परत येऊ. तेथे झीरो पुरेसा आहे. जाड तारेचा चांगला अडॅप्टर, स्वतःची वीज असलेला हब, १०० मेगाबिटांची ईथरनेट जोडणी आणि आरंभीचे काही दिवस प्रणालीच्या नोंदींवर लक्ष, इतक्या सामग्रीवर वर्षाचे आकडे सुखरूप जमा होतात. या जोडसाहित्याला कदाचित फलकाहून अधिक खर्च येईल. तो खर्च वाया गेला असे मानू नये. पाच डॉलरचा संगणक मुलाच्या हाती देण्यामागचा उद्देश त्याने यंत्र केवळ वापरावे एवढाच नव्हता, तर ते कशावर चालते हे त्याने समजून घ्यावे असा होता. दार उघडताना ज्या विद्यार्थ्याने त्यामागची वाट आणि वीज मोजली, त्याच्या बाबतीत तो उद्देश सफल झाला असे म्हणता येईल.